दांडी काढली, तर बिघडले कुठे?

मोटारीचे बॉनेट उघडले की काही गाड्यांत एक वस्तू लगेच नजरेत भरते. इंजिनाच्या वरून, डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत गेलेली ही एक आडवी दांडी असते. गॅरेजमध्ये तिला स्ट्रट बार म्हणतात. काही गाड्यांना ती कारखान्यातूनच बसवलेली येते, तर काही हौशी मालक ती बाजारातून आणून बसवतात. इंजिनाचे काम करताना ती आड येते, म्हणून मिस्त्री ती काढून ठेवतो आणि कधी कधी ती परत बसवायची राहूनच जाते. तरीही गाडी चालते, वळते आणि थांबते. मग कोणीतरी म्हणते, “काढली, तर बिघडले कुठे?” त्यावर दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, “छे! ती काढली की गाडी वळणावर हातात राहत नाही.”

माझ्या मते या दोघांचीही उत्तरे घाईची आहेत, कारण त्यांनी विचारलेला प्रश्नच अर्धा आहे. ‘फरक पडतो का?’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या गाडीत पडतो, किती पडतो आणि तो मोजला कसा, हे विचारल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही.

प्रथम ही दांडी कशासाठी असते ते पाहू. बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना जी रचना असते, ती अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये १९५० साली लोकांपुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती होती. आपल्या रस्त्यांवर ती मोठ्या संख्येने दिसू लागली, ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे. या रचनेत स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक उभा पाय बनतो. त्यालाच स्ट्रट म्हणतात. त्याचे खालचे टोक एका आडव्या हाताला जोडलेले असते, तर वरचे टोक गाडीच्या पत्र्यात घडवलेल्या एका उंचवट्याला नटांनी बसवलेले असते. या उंचवट्याला आपण बुरूज म्हणू. डावीकडे एक व उजवीकडे एक, असे दोन बुरूज असतात आणि आपली दांडी त्या दोघांना जोडते.

आता थोडे गणित करू. खालचा सांधा जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच आहे आणि बुरूज त्या सांध्याच्या वर ६० सेंटिमीटर आहे, असे समजा. वळण घेताना रस्ता टायरला आडवे ढकलतो. हे बल १८०० न्यूटन धरा. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. खालचा सांधा हा टेकू मानला, तर १८०० गुणिले २० भागिले ६०, म्हणजे ६०० न्यूटन एवढे आडवे बल बुरुजावर येते. गाडीच्या वजनामुळेही बुरुजावर काही बल येते, पण ते येथे बाजूला ठेवले आहे. सुमारे ६० किलो वजनाचा माणूस पत्र्याच्या त्या उंचवट्याला आडवा रेटतो आहे, असे समजायला हरकत नाही. पत्रा कितीही जाड असला तरी थोडा तरी लवणारच.

दांडी हे लवणे थांबवते का? याचे उत्तर बुटांच्या रिकाम्या खोक्यात मिळेल. झाकण काढा आणि लांब बाजूच्या दोन भिंती बोटांनी आत दाबा. त्या सहज आत येतात. आता दोन्ही भिंतींमध्ये घट्ट बसेल अशी एक पेन्सिल आडवी ठेवा आणि पुन्हा दाबा. भिंती हलत नाहीत. येथवर दांडीची बाजू जिंकली! पण आता दोन्ही भिंती एकाच दिशेला, समजा उजवीकडे, ढकला. पेन्सिल भिंतींबरोबर निमूट सरकते. तिचा काही उपयोग झाला नाही.

गाडीतही असेच घडते. पुढची दोन्ही चाके एकदम खड्ड्यात आदळली, की आत कललेले दोन्ही पाय आपापल्या बुरुजाला वर आणि आतल्या बाजूला ढकलतात. तेव्हा दांडी दोघांना एकमेकांपासून दूर ठेवते. पण डावे वळण घेताना रस्ता दोन्ही टायरांना डावीकडे ढकलतो, आणि तरफेच्या त्याच नियमाने दोन्ही बुरूज उजवीकडे ढकलले जातात. बाहेरच्या चाकावर भार जास्त, म्हणून तो बुरूज अधिक सरकू पाहतो. दांडी त्याचा थोडा भार दुसऱ्या बुरुजावर टाकते, एवढेच. दोघांचे मिळून एका बाजूला सरकणे तिला थांबवता येत नाही. त्यासाठी त्रिकोण हवा. शेताच्या फाटकाला सुतार तिरपी पट्टी ठोकतो ती याचसाठी. काही गाड्यांत दांडीला फाटे फुटून ते इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेले असतात. तेथे हा त्रिकोण साधलेला असतो, आणि अशी दांडी साध्या दांडीपेक्षा खूपच कामाची असते.

दांडी सरळ आहे की वाकडी, हेही महत्त्वाचे. २५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची आणि एक मीटर लांबीची पोलादी नळी सरळ असेल, तर १००० न्यूटन दाबाखाली ती अवघी ०.०३५ मिलिमीटर आखूड होते. तीच नळी इंजिनाला वळसा घालण्यासाठी मध्ये वाकवलेली असेल, किंवा तिच्या टोकांच्या पट्ट्या पातळ असतील, तर ती दाबली न जाता वाकते. मग चकचकीत रंग दिलेली महागडी दांडीही केवळ शोभेची ठरते.

आता ‘किती?’ हा प्रश्न घेऊ. दांडी काढल्यामुळे बुरूज एक मिलिमीटर जास्त सरकला, असे समजा. ६०० मिलिमीटर लांबीच्या पायाचे टोक एक मिलिमीटर सरकले, तर त्याचा कल सुमारे ०.१ अंशाने बदलतो. चाकाचा कलही तेवढाच बदलणार. अनेक गाड्यांच्या बाबतीत कारखानाच या कलात अर्ध्या अंशाच्या आसपास कमीजास्त चालवून घेतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकते आणि सांध्यांतले रबर दाबले जाते, त्यामुळेही चाकाचा कल याहून अधिक बदलतो. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांच्या गुणधर्मांत तर दांडीमुळे काहीच फरक पडत नाही. ती काढली म्हणून गाडी खाली बसत नाही किंवा जास्त उसळू लागत नाही.

शिवाय सगळ्या गाड्या एका साच्याच्या नसतात. ज्या गाडीत चाक वर एक आणि खाली एक अशा दोन हातांनी धरलेले असते, तिच्यात वळणावरचे आडवे बल बहुतेक त्या हातांतूनच जाते. तेथे बुरूज जोडून फारसे काही मिळत नाही. उलट, उघड्या टपाच्या किंवा जुन्या, खिळखिळ्या झालेल्या गाडीत तीच दांडी अधिक उपयोगी पडू शकते.

“पण मला स्टिअरिंगवर फरक स्पष्ट जाणवतो!” असे अनेक चालक सांगतात. ते खोटे बोलतात, असे मी म्हणणार नाही. शर्यतीच्या मैदानावर, निष्णात चालकाला तो जाणवूही शकेल. मात्र पैसे खर्चून बसवलेल्या वस्तूचा गुण यावा, अशी आपल्या सर्वांचीच मनोमन इच्छा असते. म्हणून परीक्षा अशी घ्यावी. बंद मैदानावर, टायरांत तीच हवा ठेवून, एकाने नाणे उडवून दांडी बसवावी किंवा काढावी आणि बॉनेट बंद करावे. चालकाला काही सांगू नये. त्याने गाडी चालवून दांडी आहे की नाही ते सांगावे. असे दहा वेळा करावे. नुसत्या अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. ती आली, तर आपण त्याचे म्हणणे आनंदाने मान्य करू.

तर मग दांडी काढून टाकावी का? ती कारखान्याने बसवलेली असेल, तर माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. अभियंत्याने गाडीच्या सांगाड्याचा हिशेब तिच्यासह केलेला असतो. आज वळणावर काही जाणवले नाही, म्हणून खड्ड्यांत हजारो वेळा लवणाऱ्या पत्र्याला आणि त्याच्या जोडांना काहीच होत नाही, असे ठरत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गाड्यांत दांडीचे नट आणि पायाचे वरचे टोक धरणारे नट एकच असतात. ते सैल राहिले, तर दांडी नसण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका संभवतो. म्हणून दांडी काढावी लागलीच, तर परत बसवताना नट कारखान्याने सांगितलेल्या मापानेच आवळलेले हवेत.

आणि दांडी बाजारातून आणून बसवलेली असेल, तर ती काढल्याने रोजच्या रस्त्यावर बहुधा काही कळणारही नाही. तेच पैसे चांगल्या टायरांवर खर्च करावेत, आणि टायरांतली हवा वेळच्या वेळी तपासावी. वळणावरची पकड त्याने अधिक सुधारेल.

शिक्षकांना एक विनंती आहे. बल, तरफ आणि त्रिकोणाची दृढता हे धडे शिकवताना बुटांचे खोके आणि पेन्सिल वर्गात जरूर आणावी. ‘असर होतो’ आणि ‘असर होत नाही’ असे दोनच पक्ष करून भांडणे सोपे असते. ‘किती?’ असे विचारायची सवय मुलांना लागली, तर गॅरेजमधल्या मिस्त्रीशी आणि दुकानातल्या विक्रेत्याशीही ती शहाणपणाने बोलू शकतील.