यंत्राची रोजनिशी



"एआय एजंट" हा शब्द हल्ली फार कानावर येतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र वेगळं आणि आपल्या वतीनं कामं उरकणारं यंत्र वेगळं. या दुसऱ्याला एजंट म्हणतात. तो पत्रं वाचतो, फायली लावतो, हिशेब जुळवतो. पण एक बैठक संपली की त्याची पाटी कोरी! काल काय ठरलं ते आज त्याला आपणहून आठवत नाही. म्हणून त्याला रोजनिशीचं साधन जोडून देतात. काम करताना नोंद लिहायची, पुढच्या वेळी ती वाचून पुढे जायचं. दुकानातली रोजकीर्द किंवा शाळेचं लॉगबुक, त्यातलाच हा प्रकार.

अशी साधनं जोडण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. तीत प्रत्येक साधनाला एक नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता असतो. एजंट साधनाच्या पोटात डोकावत नाही. वर्णन वाचतो आणि त्यावरून ठरवतो. म्हणून माझं मत असं की वर्णन ही शोभेची पाटी नव्हे, ते साधनाचं निम्मं अंग आहे.

समजा, वर्णनात एवढंच लिहिलं, "रोजनिशीत नोंद करते." केव्हा करायची? दर कामानंतर की दिवसाखेर? नवी नोंद जुनीच्या खाली जाते की जुनी पुसून तिच्या जागी बसते? मालकाचा पासवर्ड, घरातलं दुखणं हेही लिहायचं का? नवा कारकून अशा वेळी शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट बरेचदा अंदाज बांधून मोकळा होतो.

त्याऐवजी असं लिहिलं तर? "एखादा निर्णय झाला किंवा काम अर्धवट राहिलं, की वापरा. तारीख, काय केलं, का केलं आणि काय उरलं ते लिहा. नोंद जुन्या नोंदींच्या खाली जोडली जाते, काही पुसलं जात नाही. पासवर्ड आणि कुणाच्या आजाराची माहिती लिहू नका." चारच वाक्यं, पण शंकेला जागा उरत नाही. "अत्यंत प्रभावी" वगैरे विशेषणांची गरजही पडली नाही.

वाचणारा कोण हे ओळखून लिहिणं आमच्या केडगावला नवं नाही. पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी साधी मराठी निवडली, कारण वाचणाऱ्या बायका साध्या होत्या. १९२२ साली त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. विद्वत्ता दाखवायची की समजेल असं लिहायचं, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला होता.

आणि नोंदीचं मोल किती असतं ते आपण नुकतंच पाहिलं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी शाळांची जुनी रजिस्टरं आणि मोडीतले कागद धुंडाळले गेले. कधीकाळी कुणी कारकुनानं किंवा मास्तरांनी लिहिलेल्या एका शब्दावर आज नातवंडा-पतवंडांचा दाखला अवलंबून! उद्या एजंटानं आपल्या वतीनं काय केलं असा वाद निघाला, तर त्याची रोजनिशीच उघडली जाईल. तिथे नुसतं "काम झाले" असं असेल तर काय उपयोग?

काही जण म्हणतील, यंत्रं हुशार होताहेत, घेतील समजून. काही म्हणतील, लांब वर्णनानं यंत्राची जागा अडते. दुसरं खरं आहे, म्हणूनच ते नेमकं हवं. साधन फक्त वाचतं की काही खोडतंही, हे कळवण्याची सोय मार्च २०२५ मध्ये त्या नियमांत आली. पण साधन भरवशाच्या ठिकाणचं नसेल तर त्या खुणेवर विसंबू नये, असंही तिथेच सांगितलं आहे. ते योग्यच. वर्णनाच्या आडून एजंटाला भलतेच हुकूम देता येतात हेही २०२५ मध्ये उघड झालं आहे. तेव्हा साधन जोडण्याआधी ते वर्णन माणसानं वाचायला हवं आणि माणसाला कळेल असं ते असायला हवं.

आपल्या घरांतली जी मुलं या क्षेत्रात आहेत त्यांना एवढंच सांगणं. वर्णन लिहून झालं की त्या साधनाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. आईला, मामाला, कुणालाही. "मग जुनं पुसलं जातं का रे?" असं त्यांनी विचारलं, तर समजा की एक वाक्य लिहायचं राहिलं आहे.