सागाचा जनुकीय आराखडा आहे, रोपांची नोंद कुठे आहे?

येऊरला फिरणाऱ्यांना साग ओळखीचा आहे. वनखात्याच्या लागवडीत तो तोडणीला यायला 50-60 वर्षं जातात, म्हणजे बी निवडणारा अधिकारी निकाल बघायला नोकरीत नसतोच. जनुकीय माहिती इथे कामाला येते. आई एक, बाप वेगळे अशा रोपांत सरासरी 25 टक्के वारसा सारखा धरतात. डीएनए तपासला की प्रत्येक जोडीचा खरा आकडा कळतो आणि रोपवाटिकेतच अंदाज बांधता येतो.

कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सागाच्या जनुकसंचाचा आराखडा 2018 मध्ये प्रसिद्ध केला. पण अंदाजाला जुनी मोजमापं लागतात : आई कोणती, घेर किती, खोड सरळ की वाकडं. राज्याने 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा चर्चा संख्येचीच झाली. ठाणे-कल्याणच्या रोपवाटिकांनी यंदा निदान पिशवीवर बियाण्याचं मूळ लिहावं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.