तार तोडायची घाई नको

निवृत्तीनंतर लांज्याजवळ कौलारू घर, छपरावर सौर पॅनेल, मागे गोबर गॅस आणि महावितरणचं बिल शून्य, हे स्वप्न मीही पाहतो. बायको म्हणते, "आधी शेण कोण कालवणार ते ठरवा." मुद्दा बिनतोड आहे. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं आणि त्यांचं वैरणपाणी आलंच. मग लग्नाकार्याला गाव सोडणं विसरा!

पाण्याचा हिशेब मात्र मोहात पाडतो. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस. १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पडतं. पण ते चार महिन्यांत. रोज ५०० लिटर धरले तरी उरलेल्या आठ महिन्यांसाठी सव्वा लाख लिटरची टाकी हवी. ती बांधायचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. त्यात आषाढात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बॅटऱ्या मान टाकतात.

शिवाय बिगरशेतकऱ्याला राज्यात शेतजमीन सहजी घेता येत नाही, हे प्लॉटच्या जाहिरातीत कुठे असतं?

पागोळ्यांचं पाणी जरूर साठवा, पॅनेलही बसवा. वीजजोडणी मात्र राहू द्या. आणि जमीन बघायला श्रावणात नको, मे महिन्यात जा. शेजारच्या विहिरीत डोकावूनच इसार द्या.