अंतुलेंना आपण कुठून ओळखतो?

महाडच्या एसटी स्टँडवर किंवा पोलादपुरात चहा पिताना बॅरिस्टर अंतुलेंचं नाव काढून बघा. एक म्हणतो, "आपल्या आंबेतचा माणूस, मुसलमान म्हणून पाडला." दुसरा म्हणतो, "तो सिमेंटवाला ना?" दोघांचाही जन्म १९८२ नंतरचा!

१९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये लिहिलं, की बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो तो मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणगी दिल्यावर. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी ही सांगड मान्य केली आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढे १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. आपल्याकडे त्याला 'निर्दोष सुटले' म्हणतात. पण खटला उच्च न्यायालयाकडे पाठवण्याचा आपलाच १९८४ चा आदेश चुकीचा होता, एवढंच कोर्टाने म्हटलं. आरोप खोटे आहेत असं नाही. खरे आहेत असंही नाही.

कुलाब्याचं रायगड त्यांनीच केलं. निराधारांचं अनुदानही त्यांच्याच काळातलं. पण त्याने देणग्यांचा हिशोब मिटत नाही.

बातमी आली तर पडताळून घ्या, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण टीव्हीवाल्यांना हमखास ऐकवतो. आपल्याच माणसाविरुद्ध गेली तरी खरी साक्ष द्या, ही सूरह निसामधली आपल्यासाठी आहे. ती मात्र कुणी काढत नाही.

मला लेंटिन यांचं म्हणणं पटतं. 'आपला माणूस' म्हणणाऱ्या मित्रांनी १९८८ चा निकाल तरी वाचावा. नेटवर आहे, लांबलचक आहे, मग भांडू.