आधी काहीतरी करून दाखवा

मुलांनो, गाणं शिकायचं तर क्लास असतो, पोहायला शिकायचं तर तलाव असतो. पण लोखंड कातून त्यातून बोल्ट, दांडे, चाकं घडवायची विद्या कुणाकडे शिकायची? पुस्तकात लेथचं चित्र असतं. पण हत्यार धातूला टेकलं की आवाज कसा बदलतो, ते चित्रातून ऐकू येत नाही. त्यासाठी शेजारी उभा राहून शिकवणारा वस्तादच लागतो. असा वस्ताद एका मुलाने कसा मिळवला, त्याची ही खरी गोष्ट.

जेम्स नस्मिथ १८०८ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत जन्मला. वडील चित्रकार. जेम्सला मात्र यंत्रांचं वेड! आपल्या निजायच्या खोलीतच त्याने पितळ ओतायची भट्टी मांडली होती. तिथे तो वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती बनवी.

त्या काळी लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांचं नाव गाजत होतं. हे स्वतः बाराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरायला लागले होते. पुढे अठराव्या वर्षी ते कुलपं बनवणाऱ्या ब्रामा यांच्याकडे कामाला आले आणि तिथे तयार झाले. १८०० च्या सुमारास त्यांनी अचूक आटे पाडणारा लेथ बनवला. इंचाचा दहाहजारावा भाग मोजणारं त्यांचं मापयंत्र तर कारखान्यात शेवटचा न्यायाधीशच मानलं जाई!

१८२९ साली जेम्स वडिलांबरोबर त्यांच्याकडे गेला. मॉडस्ले म्हणाले, शिकाऊ मुलं घेणं मी बंद केलंय. पैसे भरून येणाऱ्या मुलांचा त्यांना वाईट अनुभव आला होता. झालं, आता परत फिरायचं? पण निदान कारखाना तरी बघा, असं ते म्हणाले. तिथे एक माणूस भट्टीतली राख काढत होता. हे काम दिलंत तरी मी स्वतःला भाग्यवान समजेन, असं जेम्स बोलून गेला. मग त्याने आपलं इंजिन आणि आपल्या हातची रेखाटनं आणून दाखवली. ती पाहून मॉडस्ले यांनी त्याला थेट आपल्याच खोलीत मदतनीस म्हणून घेतलं!

पगार आठवड्याला दहा शिलिंग. तेवढ्यात भागावं म्हणून जेम्सने दिव्यावर चालणारी छोटी शेगडी बनवली. तो कामावर असताना जेवण आपोआप शिजत राही. १८३१ साली मॉडस्ले वारले. म्हणजे गुरूचा सहवास जेमतेम दोन वर्षांचा. पण याच जेम्सने १८३९ साली वाफेच्या हातोड्याचा आराखडा काढला. हा हातोडा तापलेलं अवजड लोखंड ठोकून काढी आणि पेल्यातलं अंडं पेला न फोडता हलकेच फोडूनही दाखवी!

बघा हं, जेम्सने नुसतं “मला शिकवा” म्हटलं नाही. त्याच्या हातात काहीतरी केलेलं होतं, आणि राख काढायची त्याला लाज नव्हती. वस्तादाला दुसरं काय हवं असतं?

तुम्हीही सुरुवात करा. पट्टी, कर्कटक घेऊन घरातल्या एखाद्या वस्तूचं मापासहित चित्र काढा. आईबाबांबरोबर जवळचं वर्कशॉप बघायला जा. आधी विचारून जा, लांब उभे राहा, मशिनला हात लावू नका. मिस्त्रीकाका फिरत्या लेथजवळ हातमोजे का घालत नाहीत, हे त्यांनाच विचारा. उत्तर जन्मभर उपयोगी पडेल. दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेतच.

आणि पालकहो, “मार्क कमी पडले तर आयटीआयला घालीन” अशी धमकी मुलांना देऊ नका. मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणारा हात ही शिक्षा नव्हे, ती विद्या आहे. ज्याला ती हवीय, त्याला चांगला वस्ताद शोधून द्या.