हिरवे पान आणि मातीचा घडा



गेल्या सणाच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात चहापान झाले. त्यासाठी आम्ही निपाणीच्या बाजारातून कागदी पेले आणविले होते. पुड्यावर हिरवे पान व ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द छापलेला. चार पैसे अधिक पडले, तरी मनाला समाधान वाटले. सायंकाळी ते पेले जाळू लागलो, तो प्लॅस्टिकचा उग्र दर्प पसरला. कागदात गरम चहा टिकतो तो आतील प्लॅस्टिकच्या पातळ अस्तरामुळे, हे तेव्हा ध्यानी आले.

ग्राहकांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना दोन गोष्टी वारंवार आढळल्या आहेत. पहिली ही की, माणसे बोलतात एक व घेतात दुसरे. २०१९ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकातील एका लेखात एका पाहणीचा दाखला होता. पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्यांचाच माल घ्यावा असे शेकडा ६५ लोक म्हणाले. प्रत्यक्ष घेणारे सुमारे २६ च निघाले. दुसरी ही की, लोकांच्या या सदिच्छेचा लाभ उठविण्यासाठी कित्येक उत्पादक पुराव्यावाचून आपल्या हिरवेपणाचा डांगोरा पिटतात.

यास्तव केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘हिरवे’, ‘निसर्गस्नेही’ असे मोघम शब्द वापरणाऱ्याने त्यांचा खुलासा व पुरावा दिला पाहिजे, असे त्यांत सांगितले आहे. त्यापूर्वी १९९१ सालीच भारत सरकारने ‘इकोमार्क’ हे चिन्ह सुरू केले होते. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्याने करण्यात आले. ते चिन्ह म्हणजे मातीचा घडा. घडा मातीतून घडतो, थोड्या इंधनात तयार होतो व घातक कचरा मागे ठेवीत नाही, म्हणून त्याची निवड झाली.

घड्याची थोरवी आपणांस परक्याने का सांगावी? आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्थाही तेथेच आहे.

कर्नाटकाने २०१६ साली व महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. परंतु घरून कापडी पिशवी नेण्याची सवय कायद्याने लागत नाही. खरेदी हे केवळ आर्थिक नव्हे, तर नैतिक कृत्यही आहे, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले आहे. तेव्हा पुड्यावरील पानाला भुलण्याआधी दुकानदाराला विचारावे: ही वस्तू कशाची आहे? वापरल्यावर तिचे काय होईल? आणि स्वतःला विचारावे: घरात हिच्याजोगे काही नाही काय?

पुढील सणाला प्रत्येक कुटुंबाने आपापले पेले घरून आणावेत, अशी आमची विनंती आहे. धुण्याच्या कामी आम्हीही बाह्या सारून उभे राहू.