किती थांबायचं, ते सांगा

या आठवड्यात शेजारची मुलगी प्रवेशअर्ज भरायला बसली आणि पहिलंच पान उघडताना पडद्यावर आलं, ‘विनंत्या फार झाल्या, नंतर प्रयत्न करा.’ पुन्हा तेच, पुन्हा तेच. हा निरोप तुमच्याही ओळखीचा असेल. त्याचा क्रमांक ४२९. आरएफसी ६५८५ या २०१२ सालच्या दस्तऐवजाने तो वेबच्या नियमांत आणला. मर्यादा घालण्यात गैर काहीच नाही. यंत्रांनी विनंत्यांचा भडिमार केला तर सर्व्हर कोलमडेल. पण मोजणी पुष्कळदा आयपी पत्त्यावर होते, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच (काय योगायोग बघा!), म्हणून मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. गर्दी करतो एक, दार बंद होतं दुसऱ्याला. अशा वेळी रिफ्रेश दाबत राहू नका. काही ठिकाणी तेही मोजलं जातं. दर वेळी दुप्पट थांबा, जमलं तर दुसऱ्या नेटवर्कवरून जा. मात्र खरी जबाबदारी पलीकडच्यांची आहे. किती सेकंद थांबायचं हे कळवणारी ‘रिट्राय-आफ्टर’ नावाची ओळ त्याच दस्तऐवजात आहे, पण ती ऐच्छिक. बँकेत टोकन मिळालं की माणूस निवांत बसतो. इथे नुसतं ‘नंतर’ ऐकून पोरं रात्र जागवतात. ज्या सेवेवर कुणाचा प्रवेश, पेन्शन किंवा तिकीट अवलंबून आहे, तिने थांबण्याची वेळ पडद्यावर स्वच्छ मराठीत दाखवलीच पाहिजे आणि तेवढ्यासाठी अर्जाची मुदतही वाढवली पाहिजे.